कॅलेंडरची मागची बाजू

— नाही नाही, नासीरभाऊ, वजनकाटा राहू द्या, मी रद्दी द्यायला नाही, परत न्यायला आलोय. हसू नका हो! परवा आमच्या सुनेनं, डिंपलनं, तुमच्या हातगाडीवर तीन गोण्या घातल्या ना — त्यात एक गठ्ठा होता, पांढऱ्या फडक्यात बांधलेला. जुन्या कॅलेंडरची पानं, मागच्या बाजूला बारीक निळं अक्षर. आमच्या महासतीजींचा, जैन साध्वींचा, कोश तो! सतरा वर्षांचा. एकेक प्राकृत शब्द, त्याचा अर्थ, अन् शेजारी आपल्या खानदेशातल्या बाया बोलतात तो शब्द. कुठं सोनगीर, कुठं भुसावळ, सगळं पायी फिरायचं, दिवा लावायचा नाही, सूर्य आहे तोवर लिहायचं. कोरा कागद घ्यायचा नाही हा त्यांचा नेम. मग कागद कोण देणार? मीच. महिना संपला की पान फाडायचं, जपून ठेवायचं, कोणी दर्शनाला निघालं की त्याच्या हाती द्यायचं. माझ्या घरातून तेवढीच वस्तू घेत होती ती... घेत होत्या.

हो, मुलगी माझी. दीपमाला. एकोणीसची होती तेव्हा दीक्षा घेतली. आता मी वाकून वंदन करतो अन् ती म्हणते, श्रावकजी, धर्मध्यान ठीक? ठीक, म्हणतो. काय म्हणणार? यंदा सतरा वर्षांनी चातुर्मास आपल्या पिंप्राळ्यात झाला, चार महिने रोज पाहिलं, पण श्रावकजीच्या पुढं गाडी सरकली नाही. आज पौर्णिमा. उद्या सकाळी विहार, पायी पुढच्या गावाला. पाणी नको, भाऊ, आज पाण्याचाही उपास आहे.

डिंपलला काय बोलू? जिन्याखाली मी रद्दीत ठेवला तेव्हा ती — म्हणजे, ठेवला गेला — बरं, मीच ठेवला! झालं समाधान? साध्वी उतरतात त्या जैन स्थानकाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे, मीच काढून आणला. वाटलं, गठ्ठा सापडेपर्यंत थांबेल. चार दिवस, आठ दिवस. चातुर्मास संपल्यावर आजारी पडली तर थांबता येतं, कागदासाठी नाही थांबता येत, हे मला ठाऊक नव्हतं? जन्म गेला माझा स्थानकात! पण माणसाची मती फिरली की फिरली. काल म्हणाली, नसेल सापडत तर राहू द्या श्रावकजी, माझाच जीव त्यात अडकला होता. अन् डोळे मिटून बसली. मला ओरडली असती तरी बरं वाटलं असतं. सांगून टाकावं म्हणून घरी धावलो, तर जिन्याखाली झाडून-पुसून लख्ख!

म्हणून हात जोडतो. गोण्या दाखवा. मागं असतील... काय? सकाळीच? कारखान्यात? अहो मग फोन लावा ना त्या ट्रकवाल्याला! उतरवला? लगदा... अरे देवा. अरे देवा, काय केलं मी हे.

थांबा. तुमच्या चहाच्या ग्लासाखाली काय आहे? उचला. उचला म्हणतो! हेच, हेच अक्षर! — एकच सुटलं का? एकच?

मार्च दोन हजार एकोणीस. हे पुढच्या बाजूचं खरडलेलं माझं. दूध, गॅस अन् काय काय. तिला घरचं कळावं म्हणून मुद्दाम लिहायचो, नासीरभाऊ, बोलायला बंदी पण कॅलेंडरला कुठं बंदी? हे बघा, बारा तारीख — ‘छातीत दुखलं. कोणाला सांगितलं नाही.’ तिनं कधी वाचलंसुद्धा नसेल, तिला मागची बाजू हवी...

हे खाली काय? चष्मा... निळी शाई. तिचीच.

‘दाखवलं का, पप्पा?’

...

दर पानावर असेल, नासीरभाऊ? सतरा वर्षांच्या?

नका, काही बोलू नका. शटर ओढा तुम्ही. जा घरी. जा ना!