जीपखालचा पुठ्ठा

(पोलादपूर. सयाजीच्या गॅरेजसमोर कुडपणच्या मुरारीची पॅसेंजर जीप. शेजारी मुरारी आणि त्याची मुलगी अंकिता.)

मुरारी : इंजिनच उतरव सयाजी, बाकीचं काय ऐकायचं नाय मला. पोरीनं घरी उघडलं तवापासून तेल गळतंय.

अंकिता : पुन्हा तेच! बाबा, गळत होतं म्हणून मी उघडलं. वरच्या झाकणाचं पॅकिंग फाटलं होतं, ते बदललं. नंतर थेंब नव्हता. हे का नाय सांगत काकांना?

मुरारी : आन् दसरा झाल्यावर? पहिली फेरी घेऊन घाट उतरलो, तर मागं तेलाची रेघ. तीन आठवडे झाले, दिवसाआड अर्धा लिटर ओततोय.

सयाजी : तू हे काम शिकलीस कुठं गं?

अंकिता : महाडला, आयटीआयत. डिझेल मेकॅनिक. पास झालेय.

मुरारी : कागद हाय तिच्याकडं. कागदानं तेल थांबत नाय.

अंकिता : ऐकलंत काका? रोज हेच, तेही गाडीभर माणसांसमोर. पोरीनं इंजिनाचा खुळखुळा केलान म्हणे! परवा चंपाबाई मला विहिरीवर म्हणते, "भाकऱ्या थापायच्या सोडून पाना कशाला घेतलास गो हातात?" तिच्या तोंडात हे कुणी घातलं?

मुरारी : मी खोटं काय बोललो?

अंकिता : मग काल काय केलंत तेही सांगा. सोमवारपासून महाडच्या हर्षदशेठच्या गॅरेजात मला कामावर घेणार होते. यांनी परस्पर फोन करून सांगितलं, ती येणार नाय. मला एका शब्दानं विचारलं नाय!

मुरारी : घरची एक गाडी धड करता येत नाय, लोकांच्या गाड्यांची वाट लावायला पाठवू? उद्या कुणाचा ब्रेक सैल ठेवलान तर? कशेडी घाटात माणसं जातील!

सयाजी : भांडण नंतर. इंजिन उतरवायचं म्हणजे दोन दिवस मोडले. आधी गळतंय कुठून ते बघू.

अंकिता : मी बघून ठेवलंय. हा पुठ्ठा बघा. मला गाडीला हात लावायची बंदी आहे ना, बॉनेटजवळ गेले तरी ओरडतात. म्हणून अंगणात गाडी उभी राहिली की खाली पुठ्ठा सरकवत होते. ही पुढची बाजू, मी काम केलं ती. कोरडी ठाक. आणि हे थेंब. सगळे मागं, गिअरबॉक्सच्या तोंडाशी. तिकडं मी गेलेच नव्हते!

सयाजी : मागचं, तेल अडवणारं सील म्हणतेस?

मुरारी : ते बदलायचं म्हणजे इंजिन उतरवायचंच की. मी मघापासून काय सांगतोय?

अंकिता : सील आपणहून गेलं नाय, आतून तेल ढकललं जातंय. बाबा, खरं सांगा, तेल मोजायची पट्टी आपोआप वर येते की नाय?

मुरारी : येते. खड्ड्यांनी येते.

अंकिता : आणि खड्डे दसऱ्यानंतर पडले होय रस्त्याला?

सयाजी : मुरारी, चालू कर गाडी. रेस कर. अजून... अरे, पट्टी उडालीच की!

अंकिता : भाताच्या टोपावर झाकण ठेवून वर दगड ठेवला, तर पेज कडेनंच येणार. इंजिनातली हवा बाहेर जायचा पाईप बंद झालाय कुठंतरी. तीनदा म्हटलं, मला बघू द्या. तीनदा!

सयाजी : मग आता बघ. हा घे पाना.

मुरारी : सयाजी, तू बघ ना.

सयाजी : गॅरेज माझं आहे मुरारी. इथं कुणाला बंदी घालायची ते मी ठरवतो. गाडी बंद कर तू.

अंकिता : काका, बॅटरीचा उजेड धरा जरा. हा पाईप. चेपलेला नाय... टोकाशी काहीतरी आहे. चिमटा द्या. आलं... आलं बघा.

सयाजी : फडकं?

अंकिता : चांगला वीतभर बोळा. तेलानं काळा झालाय. पण ही कड बघा, निळी चौकडी.

सयाजी : मुरारी, ही तर तुझी लुंगी.

मुरारी : खंडेनवमीला वहाळावर गाडी धुतली. पाणी आत जायला नको म्हणून घातला व्हता.

सयाजी : आणि काढला नाहीस?

मुरारी : घरी आलो तर पूजेची घाई. हार घातला, नारळ फोडला. ऱ्हायलंच मग.

अंकिता : राहिलं नाय! मी आले होते तुमच्याकडं. नव्या पॅकिंगचे बोल्ट एकदा आवळून बघायचे होते, बॉनेट उघडायचं होतं. तुम्ही काय म्हणालात? "पान्यांना कुंकू लागलंय, दसरा होईस्तोवर हत्याराला हात लावायचा नाय." पण माझे पाने पूजेत होतेच कुठं? मी पाटावर मांडले, तर तुम्ही उचलून पडवीत ठेवलेत. पोरीच्या हत्यारांची कसली पूजा, म्हणालात. मग त्या बिनपूजेच्या पान्यांनी मी उघडलं असतं तर काय बिघडत होतं? बोळा तेव्हाच दिसला असता!

मुरारी : तसं नाय गो...

अंकिता : तसंच आहे! तीन आठवडे वाडीत मान खाली घालून फिरतेय मी. शेवटी मलाच वाटायला लागलं, माझंच काहीतरी चुकलं असेल. पाना धरायची भीती वाटायला लागली मला. तुमच्या बोळ्यापायी!

सयाजी : आता गाडी चालू करून ठेवा, बघू या.

मुरारी : झाली की पंधरा मिनिटं.

सयाजी : अजून पंधरा होऊ देत... हं, झाला अर्धा तास. पट्टी जागची हललेली नाही. खाली नवा थेंब नाही. सील वाचलं म्हणायचं. आठवडाभर लक्ष ठेव. इंजिन उतरवायचं कारण नाही.

मुरारी : मग निघू या. पॅसेंजर खोळंबलेत स्टँडवर.

अंकिता : आधी फोन.

मुरारी : कुणाला?

अंकिता : काल केलात त्यांनाच.

मुरारी : घरी जाऊन करतो.

अंकिता : कुडपणला रेंज कुठं असते? कालही पोलादपुरातूनच केलात.

मुरारी : ...हॅलो, हर्षदशेठ? मुरारी बोलतोय, कुडपणचा. काल पोरीचं बोललो व्हतो ना...

अंकिता : मोठ्यानं बोला. स्टँडवर बोलता तेवढ्या आवाजात.

मुरारी : ...ते चुकलं माझं. ती येतेय. ...गाडी? झाली नीट. ...नाय, सयाजीनं नाय. तिनंच शोधलान. ...नाय हो, तिनं नव्हती बिघडवली. मी बिघडवली व्हती. ...हां. हां. बरं.

सयाजी : काय म्हणाले?

मुरारी : सोमवारी नऊला हजर ऱ्हा म्हणाले.

अंकिता : नऊला? तुमची गाडी कुडपणवरून आठला सुटते. नऊला महाड कसं गाठणार?

मुरारी : गाडी सातला सोडीन.

सयाजी : आणि तुझे पॅसेंजर? सातला येतील सगळे?

मुरारी : कुरकुरतील. लवकर का म्हणून विचारतील. तवा सांगीन की सगळं, बोळ्यासकट.