बेल गाडीत आहे

...अहो, इकडे, इकडे! दाराची चौकट चाचपून काय उपयोग, बेल तिथे नाहीये, बेल माझ्या अंगठ्याखाली आहे, इथे, गाडीत! या, खिडकीशी या, पण हळू बोला हं, अगदी हळू, का ते सांगते. आणि मी उठून 'या, बसा' म्हणत नाही म्हणून राग मानू नका. मी उठले की पंखा थांबतो, आणि पंखा थांबला की काय होतं ते तुम्ही पाहिलेलं नाही, मी पाहिलंय. बाळाला बघायला आलात ना? दाखवते हो. पण आधी ऐका, कारण गेले वीस दिवस माझं कुणी ऐकलेलं नाही, आणि त्यातले एकोणीस दिवस मला बोलायचीही चोरी होती.

चोरी म्हणजे काय, तुम्हाला सांगते. लेकीचं बाळ दीड महिना आधीच आलं. जावई बोटीवर, तिकडे मधल्या समुद्रात. बाळ एवढंसं, ओंजळीत मावेल इतकं, आणि त्याला ठेवलं काचेच्या पेटीत. मी हॉस्पिटलच्या त्या लांबलचक वऱ्हांड्यात उभी, समोर काच, काचेपलीकडे पेटी, पेटीत ते. हात जोडले आणि म्हटलं, देवा, हे पिल्लू घरचा उंबरा ओलांडेपर्यंत मी कुणाला 'नाही' म्हणणार नाही. तूही मला म्हणू नकोस.

झालं! उपास केले असते, परवडले असते. तोंडातून 'नाही' काढायचं नाही हे किती अवघड आहे, बघा एक दिवस करून. दुपारपर्यंत समोरच्या वहिनींचा पोपट माझ्याकडे आला, आठवडाभरासाठी म्हणून, तो अजून इथेच आहे. संध्याकाळी एक गादीवाला दारात, "ताई, नुसतं बघा तरी", म्हटलं बघते, अर्धा तास बघितली. नणंदेनं फोनवर विचारलं, "वहिनी, माझ्या भिशीच्या बायकांना एकदा तुमच्याकडे आणू का?" आणा म्हटलं! किती होत्या? चौदा!

पण ते सगळं एकीकडे आणि आमचे हे एकीकडे.

आमचे हे तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करायचे, ते तुम्हाला माहीत आहेच. कुणी अडकलं की हे जाणार, दाराला तोंड लावून आत ओरडणार, "घाबरू नका, पाच मिनिटं!" तीस वर्षं परक्या माणसांना सोडवलं, आणि निवृत्त झाल्यावर घरचं माणूस घेतलं आणि गाडीत बसवलं. "अगं, जरा येतेस? पाच मिनिटं!" आणि मला तर नाही म्हणायचं नव्हतं!

आता ही गाडी. ही सासऱ्यांची. बाहेरून अजून राजबिंडी, पण आतलं इंजिन केव्हाच निजधामाला गेलेलं. कुणीही शहाण्या माणसानं गाडी भंगारात दिली असती. ह्यांनी भंगारातून दुसरं इंजिन आणलं. दुसऱ्याच जातीच्या, चांगल्या वीस वर्षांनी धाकट्या गाडीचं. म्हणजे आजोबांच्या छातीत नातवाचं काळीज! ते बसलं, गुरगुरलंही, पण वायरी? जुन्या गाडीला होत्या आठदहा, नव्या इंजिनाला हे एवढं जंजाळ, जावळ वाढलेल्या पोरासारखं. पूर्वी इंजिन गार ठेवणारा पंखा पट्ट्यावर आपोआप फिरायचा, आता आला विजेचा. त्याला कधी फिर, कधी थांब, हे कुणीतरी वायरीतून सांगावं लागतं. आणि ते सांगणंच कुठेतरी अडकलेलं.

तुम्ही म्हणाल, मग लेक-नातवंडाला आणायला टॅक्सी करायची. मीही तेच म्हणणार होते! पण लेकीनं हॉस्पिटलातून विचारलं, "बाबा, गाडी झाली का? मी लग्न होऊन निघाले त्याच गाडीतून बाळाला घरी आणायचं." हे म्हणाले, "झालीच, बाळा." आणि फोन ठेवून माझ्याकडे बघितलं, तर ह्यांच्या डोळ्यांत ते पाच मिनिटंवालं तेज होतं.

मग आला वायरमन. गुणी माणूस, मला काकू म्हणतो. आमचं अंगण पुढे उताराचं. हे बॉनेट उघडून गाडीपुढे उभे, मला म्हणाले, "तू चालकाच्या जागेवर बस, ब्रेक दाबून धर, सोडू नकोस. मी पुढे उभा आहे." म्हटलं, अहो, हँडब्रेक आहे ना? "ह्या उतारावर मी माझा जीव हँडब्रेकवर टाकू?" टाकू नका म्हणणंही 'नाही'तच येतं की काय असं मनात आलं. ब्रेक दाबला.

वायरमन खाली डोकं, वर पाय, माझ्या गुडघ्याशेजारी. म्हणाला, "काकू, मला एकच वायर हवीय. किल्ली लावली की जिवंत, काढली की मेलेली. तिच्यावरून पंख्याला करंट देतो." टेस्टर टोचतोय, ही मेलेली, ही मेलेली, ही पण मेलेली... आणि एकदम, "मिळाली!" दिवा लागला त्याचा. किल्ली काढायला सांगितली, दिवा विझला. लावली, लागला. जोडून टाकली. इंजिन तापवलं, काटा चढला, मध्यावर आला आणि पंखा भर्रर्र! ह्यांनी वायरमनला मिठीच मारली. आणि मी? मी ब्रेक दाबून बसलेली. लक्षात ठेवा हं एवढं.

दुसऱ्या दिवशी हे एकटेच चक्कर मारायला गेले आणि अर्ध्या तासानं पायी परत. "पंखा फिरलाच नाही. काटा थेट लालमध्ये. वाफ!" गाडी ओढून आणली. अंगणात लावली. "अगं, पाच मिनिटं!" बसले, ब्रेक दाबला, इंजिन तापलं आणि पंखा भर्रर्र! हे थक्क. परत रस्त्यावर नेली, परत पायी आले. परत मी. परत भर्रर्र!

आणि त्या बसण्यात माझी काय तारांबळ! हे पुढून ओरडणार, "काटा वर गेला का?" आता गेलेला नसेल तर सांगायचं कसं? म्हटलं, "आहे तिथेच सुखी आहे!" "धूर येतोय?" "हवा स्वच्छ आहे!" "पंखा लागला?" "विश्रांती घेतोय!" हे बॉनेटमागून डोकं काढून म्हणाले, "सरळ हो किंवा नाही सांगता येत नाही का तुला?" आता ह्याचं तरी काय उत्तर देऊ? 'होय' म्हटलं. नवसात पळवाटा काढायच्या नसतात हो. काचेपलीकडचं ते एवढंसं पोट वर-खाली होताना दिसायचं मला, आणि जीभ आपोआप आवरली जायची.

एक फ्यूज बदलला, दोन फ्यूज बदलले. रिले बदलला; रिले म्हणजे तो लहानसा डबा, टक्क वाजतो आणि पंख्याला करंट सोडतो. रंग घासून अर्थिंग नवीन केलं. पंखा नवा आणला. रोज मी सकाळी पूजा आटोपते, डबा घेऊन हॉस्पिटलात जाते, काचेला नाक लावते, परत येते आणि गाडीत बसते. घाबरू नकोस, पाच मिनिटं! एक दिवस तर पोपटालाही मांडीवर घेऊन बसले, तोही शिकला, "पाच मिनिटं! पाच मिनिटं!"

आणि मग, तुम्हाला सांगते, जन्मात देवापुढे उदबत्ती न लावलेले आमचे हे... लिफ्टला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांवर वसकन ओरडणारे... हे चक्क माझ्यापुढे उभे राहिले, हातात पाना, आणि म्हणाले, "अगं, तू बसलीस की चालतो. तुझी पुण्याई म्हण, काही म्हण." म्हटलं, पुण्याई काय वायरीतून वाहते? पण मग मला शेजारच्या जागेवर बसवून रस्त्यावर नेलं. तिसऱ्या चौकात वाफ. हे म्हणाले, "म्हणजे शेजारी बसून भागत नाही. तुला चालकाच्याच जागेवर बसावं लागेल." मला गाडी चालवता येत नाही! आणि ते सांगणार कसं? म्हटलं, "मला गाडी चालवायला शिकायचंय अजून."

एकोणिसावा दिवस. डॉक्टरीणबाईंचा फोन, बाळाचं वजन भरलं, चार वाजता घेऊन जा. माझ्या डोळ्यांना धार. हे म्हणाले, "एक वाजलाय, खूप वेळ आहे, पाच मिनिटं बस." बसले हो. त्या दिवशी सुद्धा बसले! इंजिन तापलं, पंखा फिरतोय, आणि माझ्या उजव्या पायाला अशा मुंग्या आल्या, म्हटलं देवा क्षमा कर, हँडब्रेक ओढला आणि पाय उचलला. पंखा थांबला. पाय ठेवला, टक्क! भर्रर्र. उचलला, बंद. ठेवला, टक्क.

ओरडले, "अहो! पंखा माझ्या पायात आहे!"

हे आले. बघितलं. पाच वेळा बघितलं. मग मटकन पायरीवर बसले. ती वायर ब्रेकच्या दिव्याची होती! वायरमन जिवंत वायर शोधत होता, आणि मी ब्रेक दाबून तिला जिवंत करत होते. म्हणजे पुण्याई कसली, सगळ्या पापाचं मूळ माझा पाय! आणि रस्त्यावर का चालायचा नाही? कारण चढावर, गर्दीत ह्यांचा पाय ॲक्सिलरेटरवर, आणि आमचे हे सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवत नाहीत, हँडब्रेक लावतात. शिस्त! मी गाडीपुढे उभी असते तर भागलं असतं का हो ह्यांचं नुसत्या हँडब्रेकवर? विचारलं मी. म्हणाले, "वाद घालायला वेळ नाहीये."

तीन वाजले होते. वायरमनला फोन लावला, तो मावसभावाच्या लग्नात, मागे बँड. ओरडून सांगतोय, "काका, ती वायर तोडा! तात्पुरती एक कळ बसवा! दाबली की पंखा, सोडली की बंद!" कळ कुठून आणायची तीन वाजता? ह्यांनी घराकडे बघितलं. घराच्या दाराकडे. मी म्हटलं, अहो... तोवर हे स्क्रू काढत होते.

अशी बेल गाडीत आली. जाताना मी शेजारी, अंगठा कळीवर, डोळा काट्यावर. म्हटलं, चिकटपट्टी लावूया का? हे म्हणाले, "कळ कधी जाम करून ठेवायची नसते. लिफ्टचा पहिला नियम. माणूसच हवा." माणूस म्हणजे मी.

चारला पोचलो. लेकीनं गाडी बघितली आणि ह्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, म्हणाली, "बाबा, तुम्ही केलीत." ह्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "आईनं केली." तेवढ्या एका वाक्यासाठी, खोटं कशाला बोलू, अंगठा अर्धा दुखायचा थांबला. बाळ मागे लेकीच्या कुशीत. सगळ्या रस्त्याला पंखा भर्रर्र आणि बाळ गाढ. हूं नाही की चूं नाही.

उंबऱ्यावर पाणी ओवाळून टाकलं, लेक आत आली, बाळ आत आलं. नवस फिटला! देवानं शब्द पाळला होता, मला 'नाही' म्हटलं नव्हतं. मी हात जोडून उभी, आणि मागून आवाज, "अगं, आता कायमचं वायरिंग करून टाकू, येतेस का पाच मिनिटं?"

एकोणीस दिवसांचा साठा होता हो. म्हटलं, "नाही!!"

असा आवाज की पोपट फडफडला. आणि बाळ जागं झालं.

ते रडायला लागलं ते थांबेचना. पोट भरलेलं, दुपटं कोरडं, खांद्यावर घेतलं, झोळीत घातलं, मी गायले, ह्यांनी गायलं, तेव्हा तर जास्तच. शेवटी डॉक्टरीणबाईंना फोन. त्या हसून म्हणाल्या, "आजी, जन्मल्यापासून ते पेटीत होतं, पेटीच्या पंख्याची घरघर ऐकत. त्याला शांततेची भीती वाटतेय. घरात पंखा लावा." घरातले सगळे लावले. बाळाला चालेनात. ती घरघर वेगळी, ही वेगळी. आणि ह्यांनी हळूच खिडकीतून अंगणाकडे बघितलं...

तर अशी मी इथे. इंजिन बंद, चारी दारं उघडी, किल्ली अर्धी फिरवलेली, बॅटरीला चार्जर लावलाय, ती बघा वायर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून आलीये. आणि मागच्या सीटवर, वाका जरा, ते गाठोडं दिसतंय ना? तेच आमचं बाळ. बघितलंत? नाक आजोबांचं आहे. सवयीही त्यांच्याच, पाच मिनिटं म्हणून झोपतं आणि तीन तास उठत नाही.

आज सकाळी वायरमन आला होता. दहा मिनिटांत सगळं नीट केलं. इंजिन तापलं की पंखा आता आपोआप चालतो, आपोआप थांबतो. म्हणाला, "काकू, ही कळ काढून दाराला लावू का परत?" मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं, आणि घरातून लेक, हे, सगळे एका सुरात, "नाही!" पोपटसुद्धा!

असो. आता तुम्ही आलाच आहात, तर एक काम कराल? इथे अंगठा ठेवा. मी नुसती पाणी पिऊन, पाय मोकळे करून येते. फक्त पाच मिनिटं...

काय म्हणालात?

...बघा! किती सहज जमतं तुम्हाला!