गेटावरची झडती

मंजुळाबाई : ...पायाचं कारण न्हाई साहेब. पाय दुखतोच, पर त्याच्यापायी न्हाई. सुटीच्या वक्ताला बायांची झडती घ्यायचं काम माझ्याच्यानं हुईना. तुमी मॅनेजर हाव, मला दुसऱ्या खात्यात टाका.

मोहनराव : अहो मंजुळाबाई, लोक गेटावर यायला वशिला आणतात. बसून काम, डोक्यावर सावली. तुमचे मालक या सूतगिरणीत होते, ते गेले म्हणून संचालक मंडळानं तुम्हाला ही जागा दिली. कोणतं खातं पाहिजे म्हणता?

मंजुळाबाई : ब्लोरूम. कापसाच्या गाठी फोडतेत तिथं.

मोहनराव : तिथं दिवसभर फुफाटा नाकातोंडात जातो. तरण्या पोरी टिकत नाहीत, आणि तुमची छाती आधीच कमजोर.

मंजुळाबाई : नाकाला फडकं बांधीन.

मोहनराव : बसा आधी. उभ्यानं काय बोलता? परवाच्या गोष्टीवरून का हे?

मंजुळाबाई : परवाच्याच.

मोहनराव : त्यात तुमचं काय चुकलं? साखराबाई पाणी चोरून नेत होती. गिरणीतलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा हुकूम माझा. हवेत ओल राहिली नाही की सूत तुटतं, मशिनी बंद पडतात. या दुष्काळात टँकर मिळवताना माझ्या नाकी नऊ येतात. सहकारी गिरणी आहे, पाठीशी कुणी शेठ नाही. बंद पडली तर चौसाळ्यापासूनच्या गावांतल्या सगळ्या बाया पुन्हा कोयता घेऊन ऊसतोडीला जातील.

मंजुळाबाई : ते खरं हाय. म्या हुकमाला नावं ठेवीत न्हाई.

मोहनराव : मग?

मंजुळाबाई : काय झालं ते तुमाला कुणी सांगितलं न्हाई का?

मोहनराव : सांगितलं. थोडंफार.

मंजुळाबाई : समदं ऐका मंग. साखराबाई आन् म्या एका आळीच्या. तिनं पाण्याची पिसवी पोटाला बांधली हुती, लुगड्याच्या आतून. माझा हात लागला तव्हा मला वाटलं सूत हाय. सुपरवायझर बाजूलाच हुबा. म्हणला, सोडा गाठ. म्या गाठ सोडाया गेले आन् पिसवीच फुटली. समदं पाणी तिच्या पायावरून खाली. लुगडं चिप भिजलं. समोर बाप्यांची रांग. त्यातला एक म्हणला, म्हातारीला दम निघंना बगा. आन् समदे हसले.

मोहनराव : कोण म्हणालं असं?

मंजुळाबाई : नाव घिऊन काय करता? हसायला समदेच हुते. ती एक सबूद बोलली न्हाई. भिजल्या लुगड्यानं तशीच घरी गेली, ती अजून कामाला आली न्हाई.

मोहनराव : पण पाणी न्यायची एवढी काय नड होती तिला?

मंजुळाबाई : सून बाळंत झाली तिची. लेकराला आंघूळ घालाया पाणी न्हाई. गावात टँकर यील तव्हा यील.

मोहनराव : मग मला येऊन मागायचं.

मंजुळाबाई : तुमच्या हापिसात यायचं तर चप्पल कुठं काढावी, हितून आमाला कोडं पडतं साहेब. आन् खरं दुखणं येगळंच हाय. त्या वक्ताला माझ्या खुर्चीमागं मपली घागर भरून ठेवलेली हुती. गेटवाल्यांनी रोज एक घागर न्यावी, ही तुमचीच परवानगी. म्या गाठ सोडताना साखराबाईनं घागरीकडं बगितलं. माझ्याकडं न्हाई, घागरीकडं. तव्हा वाटलं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं.

मोहनराव : मंजुळाबाई, मी वर खिडकीतच होतो.

मंजुळाबाई : आं?

मोहनराव : दिसलं मला सगळं. हसले तेही ऐकू आलं.

मंजुळाबाई : मंग तुमी काय केलंत?

मोहनराव : खिडकी लावून घेतली. कालपासून मीही खाली गेटाकडं फिरकलो नाही. मागच्या दारानं जातो. पण गेट मोकळं सोडता येत नाही. एकीला जाऊ दिलं की उद्या सगळ्या जणी पिशव्या बांधून येतील, आणि त्यांचं तरी काय चुकेल? तुमच्या जागी बाईच बसवावी लागणार. कुणाला बसवू? तुम्हीच नाव सुचवा.

मंजुळाबाई : म्या न्हाई कुणाचं नाव घेणार. मपल्या गळ्यातलं काढून दुसरीच्या गळ्यात बांधू का?

मोहनराव : साखराबाईलाच बसवलं तर? तिच्याही घरी रोज घागर जाईल. परवानगीनं.

मंजुळाबाई : साहेब...

मोहनराव : वाईट आहे का?

मंजुळाबाई : बरं हाय का वाईट, मला उमजंना. तिला इचारा. मला इचारू नका.

मोहनराव : गिरणीच्या हैदर ड्रायव्हरच्या हाती निरोप धाडतो. तुम्ही सोमवारपासून ब्लोरूमला जा.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, साखराबाईच्या दारात.)

मंजुळाबाई : साखरे, हायेस का गं?

साखराबाई : दारात कावून हुबी? आत ये.

मंजुळाबाई : हितंच बरी हाय.

साखराबाई : उन्हात हुबी राहिलीस तर लोकं म्हणतील भांडाया आली. ये सावलीला.

मंजुळाबाई : भांड की मंग. दोन शिव्या दे. तू गप राहिलीस तेच मला लई लागलं.

साखराबाई : तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं. त्या बाप्यांम्होरं रडू का?

मंजुळाबाई : म्या गाठ हळू सोडाया पायजे हुती.

साखराबाई : हळूच सोडलीस. पिसवीच जुनी हुती, इरलेली. तुझे हात कापत हुते, मला समजत हुतं.

मंजुळाबाई : लेकरू कसं हाय?

साखराबाई : निजलंय. वल्या फडक्यानं पुसून काढते त्याला. सून काय म्हणत न्हाई, पर तिच्याम्होरं बसाया नको वाटतं. तिच्या मायला सबूद दिलता, बाळंतपण म्या नीट करीन म्हणून.

मंजुळाबाई : हैदर आलता का?

साखराबाई : सकाळीच आलता.

मंजुळाबाई : मंग?

साखराबाई : हो म्हणले. थुक माझ्यावर. पर हो म्हणले. पाळण्यात लेकरू कळवळतंय आन् म्या मपला तोरा धरून बसू का?

मंजुळाबाई : म्या कोण थुकणारी? म्या बी तेच केलं की इतके दिवस.

साखराबाई : आता शिकव मला. दुसऱ्या बाईच्या अंगाला हात कसा लावतेत?

मंजुळाबाई : तोंडाकडं बगायचं न्हाई. हात चालवायचा आन् बोलत राहायचं. भाजी काय केली, लेक कव्हा आली, काय बी. बोलणं थांबलं का दोघींला बी लाज येती.

साखराबाई : आन् पाणी सापडलं तर?

मंजुळाबाई : ते मला जमलं न्हाई, साखरे. जमलं असतं तर ब्लोरूम मागितलं असतं का?

साखराबाई : सोमवारी काम सुटल्यावर तू झडतीच्या रांगंत कुठं राहशील?

मंजुळाबाई : शेवटाला. समद्या गेल्यावर यीन.

साखराबाई : शेवटाला नको. पयली ये.

मंजुळाबाई : कावून गं?

साखराबाई : पयला हात वळखीच्या अंगाला लागला, तर लई कापायचा न्हाई.

मंजुळाबाई : येते. पयलीच येते.