अर्जाला जोर

...आणि मलाच विचारतात, जनावरांचा काही अनुभव आहे का म्हणून. मला. आता तुम्हाला सांगतो, ब्राह्मणपुरीच्या प्रेमचंद पाटलाचा मुलगा मी, शांतीलाल, आमच्या घरात माणसं ज्या दारानं जातात त्याच दारानं गुरंही जातात, कारण दार एकच, आणि दोघं समोरासमोर आले तर बाजूला कुणी व्हायचं, तर माणसानं... मी रांगायला शिकलो तो म्हशीच्या पोटाखालून, आणि हे मुंबईचे तीन साहेब, गुरांच्या डॉक्टरांचं कॉलेज चालवणारे, टेबलापलीकडे ओळीनं बसून मला विचारतात, अनुभव आहे का. मी म्हटलं, घरी बैल आहेत, म्हशी आहेत, गाय आहे. तर मधले साहेब, आपलेच मराठी, चष्मा पुसत म्हणाले, "घरी असणं म्हणजे अनुभव नव्हे. माझ्या घरी रोज स्वयंपाक होतो, म्हणून मी आचारी होत नाही." बाकीचे दोघं हसले. मीही हसलो, मोठ्या माणसांनी विनोद केला तर काय करणार. मग म्हणाले, "एखाद्या सरकारी दवाखान्यात वर्षभर काम करा, तिथल्या डॉक्टरांचा दाखला आणा आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. अर्जाला जोर पाहिजे."

अर्जाला जोर पाहिजे. हे तीन शब्द घेऊन मी सुरतेवरून नंदुरबारला आलो, नंदुरबारहून प्रकाशाला, नावेनं तापी ओलांडली आणि घरी पोचलो. बापू अंगणात दोर वळत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ढोरेस्ना डॉक्टर व्हवाले मुंबईले काबर जानं पडस? ढोरे तं आठेच शेतस." गुरं तर इथेच आहेत, मग मुंबईला कशाला, आता बोला. मायचं वेगळंच. माझी माय, तापीबाई, तिला काळजी माझ्या लग्नाची. कोरीट गावची एक मुलगी सांगून आली होती, तिच्या बापाच्या कानावर ही बातमी गेली, तर त्यानं निरोप पाठवला, "माणसांचा डॉक्टर होता येत नाही म्हणून ढोरांचा व्हायला निघाला, हे आम्ही समजून घेतलं होतं. पण ढोरांचाही होता येत नाही, म्हणजे मग राहिलं काय?" माय दोन दिवस जेवली नाही. मी जेवलो, मला भूक लागली होती.

तर शहाद्याचा गुरांचा दवाखाना. तिथे दिलवरसिंग राऊळ म्हणून डॉक्टर. उंच, वाळलेला माणूस, बोलायचा तर दिवसाकाठी तीन-चार वाक्यं, तीही बैलाशी. मी जाऊन नमस्कार केला, अर्जाची सगळी हकीकत सांगितली, बराच वेळ सांगत होतो, आणि ते म्हणाले, "झाडू कोपऱ्यात आहे."

झाडला. सगळा दवाखाना झाडला, शेण काढलं, बाटल्या धुतल्या, का, तर अर्जाला जोर पाहिजे. बैलाची जीभ एका हातानं धरून दुसऱ्या हातानं बांबूच्या नळीनं औषध पाजायला शिकलो, त्यातलं निम्मं बैलाच्या पोटात जायचं आणि निम्मं माझ्या बाहीत, आणि ते औषध असं की रात्री मायनं माझं ताट ओसरीवर वाढायचं. का, तर अर्जाला जोर पाहिजे. आणि मग ती म्हैस. तुम्ही मघापासून माझ्या बोलण्यातली शिट्टी ऐकताय ना, 'स' आला की वारा सुटतो... हसा, हरकत नाही. समोरचे दोन दात त्या म्हशीनं एका लाथेत काढले. मी धुळीत बसलोय, तोंडात रक्त, आणि राऊळ डॉक्टर म्हशीचा पाय तपासतायत, तिला लागलं का म्हणून. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हशीच्या मागे उभं राहायचं नसतं." मी म्हटलं, हे आधी नाही का सांगायचं? तर म्हणाले, "आधी सांगितलेलं लक्षात राहत नाही."

आता मला सांगा, मुलाखत इंग्रजीत, इंग्रजीत निम्मे शब्द 'स'चे, आणि मी निघालो अर्ज मजबूत करायला.

हे सगळं ठीक होतं हो. दात गेले, लग्न गेलं, चालतं. पण त्या हिवाळ्यात गुरांवर बुळकांडीची साथ आली.

ज्यांनी पाहिली नाही त्यांना काय सांगू. जनावराच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागतं, आपल्याला वाटतं धूर लागला असेल. मग तोंडात फोड, मग खाणं बंद, मग ढाळ, आणि मग काही नाही. आधी डोंगरातून बातमी आली. सरकारनं लस धाडली, थोडी धाडली, ओल्या पोत्यात बाटल्या गुंडाळून आम्ही दोघं सातपुड्याकडे निघालो, डॉक्टर घोड्यावर, मी पायी, पेटी माझ्या डोक्यावर. का ते तुम्हाला आता पाठ झालं असेल.

पायथ्यावरच्या एका पाड्यात जामसिंग नावाचा माणूस होता आणि त्याची बायको दिवलीबाई. त्यांचे दोन बैल, एकाच आईचे, तांबडे. डॉक्टर पुस्तकी मराठीत बोलले, "ही लस प्रतिबंधक आहे, निरोगी जनावरांस रोगापासून संरक्षण मिळते." मी ते अहिराणीत सांगितलं, "ज्या बैलले रोग नही, त्याले टोचं का रोग येत नही." जामसिंगनं ते आपल्या घरच्या बोलीत बायकोला सांगितलं. ती बराच वेळ बोलली. मी जामसिंगला विचारलं, काय म्हणते? तो म्हणाला, "ती म्हणस, सुईमां रोग भरेल शे का?" म्हणजे तीन माणसांच्या तोंडातून फिरून शास्त्र हे एवढं उरलं.

डॉक्टरांनी दोन्ही बैलांच्या कानाला हात लावला. एक थंड, एक तापलेला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तापलेला जाणार. त्याला टोचायचं नाही. टोचला आणि मेला, तर सुईनं मारला म्हणतील, आणि पुढच्या पाड्यात कुणी जनावराचं दावं सोडून आपल्यापुढे आणणार नाही." मी ते जामसिंगला जमेल तसं सांगितलं. दिवलीबाई ऐकत होती. डॉक्टरांनी थंड बैलाला टोचलं आणि पेटी मिटायला लागले, तशी ती पुढे आली आणि आपल्या बोलीत काहीतरी म्हणाली. जामसिंग खाली बघत म्हणाला, "त्याले बी टोचा म्हणस. नही तं त्याले वाटी, माले टाकी दिनं."

त्याला वाटेल, मला टाकून दिलं... बैलाला.

मी डॉक्टरांकडे बघितलं. हा माणूस आता ओरडणार, लस थोडी आहे, वेळ थोडा आहे. त्यांनी पेटी उघडली, उकळून गार केलेलं पाणी सुईत भरलं, तापलेल्या बैलाच्या मानेवर हात फिरवला आणि टोचलं. अगदी तसंच, जसं दुसऱ्याला टोचलं होतं. आणि तिला खरं सांग म्हणाले मला, पाणी आहे म्हणून सांग. मी सांगितलं. तिनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी, आम्ही तिथेच असताना, बैल मेला. पाडा जमला, आणि जे व्हायचं तेच झालं, सुई, सुई, सुई. दोन म्हातारे आमच्या घोड्याचा लगाम धरून उभे राहिले. मी मनात म्हटलं, संपला अर्ज. तेव्हा दिवलीबाई मेलेल्या बैलाजवळून उठली आणि त्या सगळ्यांसमोर बोलली, हातवारे करून बोलली, जामसिंगनं मला नंतर सांगितलं, ती म्हणाली की हा आधीच तापलेला होता, यांनी मला सांगितलं होतं, टोचायला मीच लावलं, सुईत पाणीच होतं, आणि तो दुसरा बघा, चरतोय. बस. ज्या बाईचा बैल समोर पडलाय ती हे म्हणते. म्हाताऱ्यांनी लगाम सोडला.

आणि मग लोक यायला लागले. खालच्या पाड्यातून, वरच्या पाड्यातून, गाई घेऊन, वासरं घेऊन, रोज पहाटेपासून झुंबड. आम्ही दोन दिवसांसाठी गेलेलो, तिथेच अडकलो. डॉक्टर टोचायचे, मी शिंगं धरायचो, हाताला फोड, पाठ मोडलेली, आणि तुम्हाला खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. मेलेली जनावरं होती, गिधाडं होती, वास होता, तरी वाटायचं, टोचलेली उभी आहेत. आणि अर्जाला जोर येतोय. शेवटी लस संपली तेव्हा आम्ही उतरलो.

ब्राह्मणपुरीत शिरलो तर गल्ली शांत. संध्याकाळची वेळ, गुरं परत यायची वेळ, आणि घंटेचा आवाज नाही. आमच्या घराच्या त्या एकुलत्या दारातून मी सरळ आत गेलो, कुणासाठी बाजूला व्हावं लागलं नाही. माय गोठा झाडत होती. गोठ्यात झाडण्यासारखं काही नव्हतं. बैल गेले, म्हशी गेल्या, गाय गेली. अंतर म्हणाल तर डोंगरापासून आमचं गाव एका दिवसाच्या चालीवर. मी बापूंच्या शेजारी बसलो आणि विचारलं, बापू, निरोप का नाही धाडला, मी लस घेऊन आलो असतो.

बापू म्हणाले, "धाडनार व्हतू. मंग म्हनं, तुन्हा अर्जनं काम चालू शे, भाऊ. मझार कसाले बोलावनं."

मध्येच कशाला बोलवायचं... अर्जाचं काम चालू आहे म्हणून. मायनं ताट वाढलं, आत वाढलं. त्या दिवशी मलाही भूक नव्हती.

वर्ष संपलं तेव्हा राऊळ डॉक्टरांनी दाखला दिला. मला वाटलं होतं, पानभर लिहितील, डोंगर, लस, शिंगं, दात. एकच ओळ. "हा मुलगा एका साथीत माझ्याबरोबर होता आणि पळून गेला नाही." मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, याला जरा जोर... तर म्हणाले, "यापेक्षा जास्त माझ्याबद्दल कुणी लिहिलेलं नाही."

गेलो मुंबईला. तेच टेबल, तेच तिघं. चष्मेवाल्यांना मी आठवत नव्हतो, मला त्यांचा आचारी आठवत होता. दाखला वाचला, एकमेकांकडे दिला. विचारलं, घरी जनावरं आहेत का? मी म्हटलं, मागच्या वर्षी विचारलंत तेव्हा होती. मग कुणी हसलं नाही. मग म्हणाले, इथे का यायचंय? आता पहिल्या वर्षी मी उत्तर पाठ करून गेलो होतो, मुक्या जिवांची सेवा वगैरे, छान इंग्रजी. या वेळी त्या वाक्यात 'स' फार होते. मी मराठीतच म्हटलं, "साहेब, लस थोडी असली तर आधी कुठल्या गावी जायचं, हे मला कळत नाही. ते इथे शिकवतात का?"

मग चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, आणि या वेळी पुसला नाही, नुसता हातात धरला. म्हणाले, "नाही. ते इथे शिकवत नाहीत."

आणि मला घेतलं. हो, घेतलं की. तुम्ही म्हणाल, मग रडतोस कशाला?

जायच्या दिवशी बापू नंदुरबार स्टेशनापर्यंत आले. गाडी जुंपायला बैल नव्हते, म्हणून माझी ट्रंक आम्ही दोघांनी आळीपाळीनं डोक्यावर घेतली, प्रकाशाला नाव धरली, पुन्हा चाललो. फलाटावर एक कापसाचा व्यापारी बसला होता, गप्पिष्ट माणूस, त्यानं बापूंना विचारलं, पोरगा कुठे निघाला? बापू म्हणाले, ढोरेस्ना डॉक्टर व्हवाले. व्यापारी म्हणाला, वा वा, मग तुमच्याकडे ढोरं बरीच असतील? बापू म्हणाले, एक बी नही. तो माणूस चक्रावला. म्हणाला, अहो, मग हा डॉक्टर होऊन परत येणार आणि औषध देणार कुणाला?

बापूंनी ट्रंकेवरची धूळ पुसली आणि शांतपणे म्हणाले, "पहिले डॉक्टर येवाले पाहिजे. ढोरे मंग इकत लेसूत. मांगल्या खेपले आम्ही उलटं करं."