सढळ हाताने

बसमध्ये पुढच्या बाकावर, मांडीवर निरोप समारंभात मिळालेलं घड्याळ घेऊन बसलेला म्हातारा शेजारी बसलेल्या, कारखान्यातल्याच फिटरपाशी इतका तणतणत होता, की मागच्या नर्सबाईंची डुलकी मोडली.

“निरोपाचं भाषण म्हणे! लेकाच्याने त्या एआय यंत्राकडून लिहून घेतलं.”

“कशावरून, काका? साहेबांनी स्वतः लिहिलं असेल.”

“अरे, तीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलं मी. जुना बोल्ट आणून दाखवल्याशिवाय नवा दिला नाही कुणाला. हाच साहेब नवा होता, तेव्हा दोनदा हात हलवत परत पाठवलाय त्याला. आणि आज वाचतोय काय, तर ‘मागेल त्याला सढळ हाताने देणारे’!”

“यंत्राला काय माहीत बोल्टचं?”

“त्याला माहीत नाही, आणि याला सांगायची अक्कल नाही. छान जोडी जमली!”

“मग भाषण चालू असताना डोळे का पुसत होतात?”

नर्सबाई पुढे झुकल्या. म्हातारा मांडीवरचं घड्याळ सावरत म्हणाला,

“‘सढळ हाताने’पाशी अडखळला ना तो. मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि फिसकन हसला. अख्ख्या भाषणात तेवढंच काय ते त्याचं स्वतःचं.”