चार मिनिटं पंखा

...आणि वर धक्क्यावरचे लोक मलाच विचारतात, "काका, बोटीच्या टाकीत पेट्रोल आहे ना?" अहो, चौतीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं मी, टाकीत पेट्रोल आहे की नाही एवढं मला कळणार नाही? तरी तुम्हाला सांगतो, विचारल्यावर गेलो आणि टाकी उघडून बघितली. होतं. काठोकाठ होतं. पण समजा, नसतं तर? समोरच्यानं खात्रीनं विचारलं ना, की माझी खात्री पायात चपला घालून चालू लागते. चूक माझीच असेल म्हणा.

तर बोट. लहानशीच, सहा माणसं बसतील एवढी. इंजिन मागे लटकवलेलं नाही, बोटीच्या पोटात आहे, लाकडी झाकणाखाली; झाकण उचलायचं, गुडघे टेकायचे आणि आत डोकं घालायचं. निवृत्त झाल्यावर घेतली. कुणालाही न विचारता घेतलेला आयुष्यातला हा एकच निर्णय. लग्नसुद्धा मी तिघांना विचारून केलं, त्यातल्या दोघांचं मत प्रतिकूल होतं, ते असो... आणि नेमकी हीच सुरू होईना. किल्ली फिरवली की घूं... घूं... घूं... म्हातारं माणूस खुर्चीतून उठताना करतं तसं, आणि परत खाली बसायचं. चूक माझीच असेल, मी म्हणायचो, आणि धक्क्यावरचे सगळे म्हणायचे, छे छे, तुमची कसली चूक.

आता मी काय केलं असेल? वही केली. तेवीस कलमांची यादी. पहिलं कलम बॅटरी; ती रोज रात्री घरी नेऊन चार्ज करायची, सकाळी आणून जोडायची. धक्क्यावर पोचलो की आधी मीटर लावायचा, साडेबारा व्होल्ट, उत्तम, वहीत बरोबरची खूण, बॅटरी संशयातून मुक्त. मग पुढे प्लग. चारही काढले, ब्रशनं घासले, फटी मोजल्या, परत मोजल्या, कारण पहिल्यांदा मोजताना मला शिंक आली होती. प्लग बसवला नाही, नुसता इंजिनाला टेकवून किल्ली फिरवली तर ठिणगी दिसते ना, ती निळी हवी, माझी पिवळी. फिकट पिवळी. म्हणजे लिंबाच्या... नाही, लिंबापेक्षाही फिकट. नवे प्लग आणले. पिवळी. पॉइंट बदलले. पिवळी. कॉइल बदलली, डिस्ट्रिब्यूटरचं झाकण बदललं, चारही वायरी बदलल्या. पिवळी ती पिवळीच! शेजारच्या बोटीवर एक गृहस्थ असतात, त्यांना सगळे कप्तान म्हणतात, त्यांची बोट मी कधी हललेली पाहिली नाही. ते येऊन वाकून म्हणाले की दमट हवा, दुसरं काही नाही, वायरी पुसा. पुसल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाले, फार पुसल्यात तुम्ही. हे खरं असू शकतं, नाही का? मी रात्रभर त्यावर विचार केला.

शेवटी नेहमीसारखी रात्रभर चार्ज केलेली बॅटरी जोडली आणि मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री आला, इंजिनाच्या कप्प्यातला पंखा लावला, घड्याळात बघितलं, किल्ली फिरवली, भुर्रर्र. पहिल्या झटक्यात. अर्धा तास चालू ठेवलं, तक्रार नाही. माझ्याकडे त्यानं असं बघितलं, जसं डॉक्टर बघतात, दवाखान्यात शिरताच आपलं दुखणं थांबलं की. गेला. दुसऱ्या दिवशी मी एकटा, वही, मीटर, साडेबारा, पंखा, किल्ली... घूं... घूं... चूक माझीच असेल, मी कप्तानांना म्हणालो. ते म्हणाले, छे छे.

तिसऱ्या महिन्यात आमच्या हिनं विषय काढला. ओरडली वगैरे नाही हं. ती धक्क्यावरच्या बाकावर बसून शब्दकोडं सोडवत होती, तिथूनच म्हणाली, "रविवारी चार वाजेपर्यंत सुरू झाली तर ठेवा. नाही तर माझा भाऊ न्यायला तयार आहे."

मेहुणे! अहो, सूचना न वाचता औषध घेणारा माणूस तो. त्यांचा फोन आलाच, "दाजी, मनाला लावून घेऊ नका, काही माणसं यंत्रांची नसतात, मी इंजिनच काढून टाकतो आणि बागेत ठेवतो बोट, पोरं खेळतील." बागेत! माझा एकुलता एक निर्णय, त्याच्यात माती भरून हे फुलझाडं लावणार. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. 

रविवारी दुपारी दोनला मिस्त्रीला परत आणलं, जवळजवळ हात धरून. तो बाकावर हिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "काका, मी हात लावत नाही. तुम्ही रोज करता तसं करा, मी बघतो."

झालं, परीक्षाच की ही! मीटर लावला, साडेबारा, खूण. पंखा लावला. आता पंखा म्हणजे काय, तर पेट्रोलचं इंजिन झाकणाखाली असतं, तिथे वाफ साठते, आणि साठलेल्या वाफेत ठिणगी पडली तर इंजिन राहतं बाजूला, आपणच सुटतो, सरळ वर. म्हणून वाफ बाहेर ओढायला पंखा. किल्लीजवळच्या पट्टीवर लिहिलंय, आधी चार मिनिटं पंखा चालवा. चार मिनिटं झाली. पण मी घड्याळ पंख्याच्या आधी बघितलं होतं की नंतर? आठवेना, म्हणून पुन्हा चार. मग वास घेतला. वास नव्हता. पण या वयात नाक तरी धड असतं का? हिला बोलावून वास घ्यायला लावला, ती म्हणाली नाही येत, पण तिला सर्दी होती, म्हणून आणखी चार. मग वाटलं, पट्टी छापणाऱ्याकडून एक शून्य राहिलं असेल तर? चाळीस असतील तर? चाळीस केली. मग वही पुन्हा पहिल्यापासून तपासली, किल्ली अर्धी फिरवून दिवे बघितले... आणि अखेर, देवाचं नाव घेऊन, घूं... घूं...

"थांबा," मिस्त्री म्हणाला. मध्ये त्याची एक डुलकी झाली होती. "पंखा किती वेळ चालला?"

हिनं शब्दकोड्यातून मान वर न काढता सांगितलं, "एक तास दहा मिनिटं. रोज एवढाच चालतो."

त्यानं बोटीत उतरून मीटर लावला. आत्ता, पंख्यानंतर. अकराही नव्हते हो! जुनी बॅटरी, पंख्यानं आणि किल्लीनं पिऊन टाकलेली; उरलेली ताकद इंजिन फिरवायला कशीबशी पुरते, ठिणगीला काय मिळणार? म्हणून पिवळी. मी बॅटरी रोज तपासत होतो, निर्दोष ठरवत होतो आणि मग तासभर तिचा जीव घेत होतो. मी आपला सवयीनं म्हणालो, "म्हणजे चूक माझीच असेल."

मिस्त्री म्हणाला, "हो काका. तुमचीच आहे."

तुम्हाला सांगतो... सत्तर वर्षं मी हे वाक्य म्हणतोय, आणि त्यावर लोकांनी छे छे म्हणायचं असतं, ही रीत आहे. पहिल्यांदाच कुणीतरी मान्य केलं. वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, हलकंही वाटलं. चौतीस वर्षांत एवढा स्वच्छ निष्कर्ष माझ्या हाती लागला नव्हता.

त्यानं गाडीतली बॅटरी आणून जोडली, मला वर बाकावर बसवलं आणि किल्ली हिच्या हातात दिली. चार मिनिटं पंखा, घड्याळ लावून, चार म्हणजे चार. भुर्रर्र. चारला दहा कमी असताना मेहुणे बोट न्यायला आले तेव्हा ही बोटीत बसून इंजिनाला हलका हलका वेग देत होती. ते बिचारे चहा पिऊन गेले.

तर बोट राहिली. अट एवढीच, इंजिन सुरू होईपर्यंत मी बोटीत पाय ठेवायचा नाही. इंजिन सुरू झालं की मी दोरी सोडायची आणि मग चढायचं. तेही जमतं मला. पण गेल्या रविवारी दोरी सोडली, आणि पूर्ण सुटली आहे ना, खुंटाला एखादा पीळ राहिला नाही ना, हे वाकून बघत होतो... मान वर करतो तर बोट मधोमध पाण्यात, आणि आमची ही तिकडून हात हलवतेय.

इंजिन मात्र झकास चाललं होतं. चारही सिलिंडर. धक्क्यावरून अगदी स्पष्ट ऐकू येतं.