दार वाजत नाही

— शोध, खुशाल शोध. पलंगाखाली बघितलंस? जिन्याखाली? मग बघ की, मी कुठं अडवलंय तुला? माझं आपलं हे मोज्याचं काम चाललंय — तुझाच मोजा हा, टाच बघ, टाच उरलीच नाही, नुसतं भोक आणि भोवती थोडा मोजा. असले मोजे घालून डोंगर चढायचे आणि मग फोड आले म्हणून रडायचं! — आणि बूट काय गं, बूट का कुठं पळून जातात? काल दाराशी काढलेस, चिखलानं थबथबलेले, ते मी घासले, आत कागद कोंबले, शेगडीजवळ ठेवले, आणि मग — मग कुठं ठेवले बाई? वय झालं आता. असं बघू नकोस माझ्याकडं. आठवत नाही म्हटलं ना.

बेकरीवाल्यानं सांगितलं वाटतं? सकाळी पाव आणायला गेलीस सपाता घालून, तेव्हाच मी ओळखलं, हा मेला आता तोंड उघडणार. "बूटचोर आजीकडं उतरलीस का" म्हणाला असेल. म्हणू दे. अख्खं गाव म्हणतं. चोर म्हणे! एकाचा तरी बूट माझ्याकडं राहिलाय का आजवर? सगळ्यांचे परत मिळतात. जरा उशिरा मिळतात, एवढंच. तू बस तरी. ती पिशवी उतरव पाठीवरून, घरात कशाला ओझं घेऊन उभी राहतेस? — नको? बरं, राहा उभी. माझे काही पाय दुखत नाहीत.

हो गं, माहितीये, तुझ्याबरोबरची ती दोघं पुढं गेली. पहाटे अंधारात गेली, मला हाक मारून गेली, त्यांचे बूट मी माझ्या हातानं दिले, विचार पाहिजे तर. तुलाही हलवलं त्यांनी, तू कूस बदललीस. बदलणारच, पायांची चाळण झालीये नुसती. आता म्हणतेस, गाठते त्यांना. दोन महिने बरोबर चाललात आणि आता एका दिवसासाठी मागं राहायचं म्हणजे जिवावर येतं — कळतं मला. सगळं कळतं. या वाटेवरून येणारे सगळे असेच, पायाला भिंगरी लागलेली. आंघोळ करतात, कपडे धुतात, दोन दिवसांचं एका बैठकीत जेवतात आणि दुसऱ्या दिवशी लगेच, आजी, बूट कुठंयत!

आभाळ? मला नको दाखवूस आभाळ, मी तुझ्या आधी उठून बघितलंय. लख्ख आहे, घासलेल्या ताटासारखं. म्हणून तर! ढग असते तर मी एक शब्द बोलले नसते, तू स्वतःच थांबली असतीस. परवा बर्फ पडलाय नवा, तुला जायचंय त्या खिंडीच्या उजव्या अंगाला तो कडा आहे ना, त्यावर नुसता ठेवल्यासारखा बसलाय. पहाटे कडक असतो, खालून हत्ती गेला तरी हलत नाही. पण एकदा ऊन त्या कड्यावर आलं की सुटतो, अख्खा खाली येतो — इकडं ये, या खिडकीतून बघ, सावली दिसतेय? अजून अर्धा कडा सावलीत आहे. आत्ता निघालीस तर बरोबर ऊन भरलं की तू त्या कड्याखाली पोचतेस. हे मी नाही, कुणीही सांगेल इथं. बेकरीवाला सांगेल. पण त्याला हसायला पाहिजे ना आधी.

थांब, हा टाका घेऊ दे.

माझा धाकटा चालायचा ही वाट. इथंच जन्मला आणि इथं एक दिवस टिकला नाही. तो आला की मला काय सणासारखं — घर भरायचं त्याच्या ओल्या कपड्यांनी. हे घर उघडायला त्यानंच लावलं, "आई, वरच्या खोल्या रिकाम्या आणि लोक बाहेर बाकावर झोपतात, बरं दिसतं का?" असाच एकदा आला, रात्रभर झोपला, पहाटे निघायचं होतं. बूट घातले, पिशवी घेतली, आणि हे दार उघडलं. तेव्हा हे दार कुरकुरायचं — कुरकुरायचं म्हणजे काय, कोकलायचं! खालच्या गल्लीत कळायचं आमच्याकडं कोण आलं, कोण गेलं. मला सवय होती. त्याला नाही सोसवलं. म्हणाला, "आई, कसं काय गं चालवून घेतेस तू हे?" पिशवी ठेवली, पेचकस घेतला आणि बसला. मी म्हटलंसुद्धा, अरे उन्हं येतील, राहू दे. ऐकेल तर शपथ. जुन्या बिजागऱ्या काढल्या, नव्या बसवल्या, तेल घातलं, दार रंध्यानं खालून जरा उतरवलं. मग माझ्या तोंडाकडं बघत दार लावलं, उघडलं, लावलं. चकार आवाज नाही. केवढा खूश झाला होता!

मग गेला. वर ती पिवळी टाकी दिसतेय ना, वळणावर, तिथून हात करायची रीत आहे त्याची. केला. मीही केला, माझ्या हातात गंजकी बिजागरी होती, तीच हलवली. आणि मग — मग मी काय करत होते सांगू? दार उघडून मिटून बघत होते. लहान पोरीसारखी. किती गुपचूप चालतं म्हणून. तेवढ्यात वर आवाज झाला, मला वाटलं खाणीत सुरुंग लावला असेल. मी दार लावलं, परत उघडलं.

त्याच्या बुटांचं काही बिघडलं नव्हतं, आभाळाचं नव्हतं. मी कुणाला शिव्या द्यायच्या? दाराला?

ते जाऊ दे. कशाला सांगितलं मी तुला, मी कुणाला सांगत नाही. सांगायचं एवढंच की आता हे दार वाजत नाही. वरून कोण उतरलं, कोण गेलं, मला कळतच नाही. मी स्वयंपाकघरातून येते तर पलंग रिकामा. म्हणून मी बूट घेते. बूट माझ्याकडं असले की माणूस मला विचारल्याशिवाय जात नाही, एवढी साधी गोष्ट आहे, यात चोरी कसली?

— काय म्हणालीस? उद्या? खरंच? पहाटे जाशील, त्यांना निरोप पाठवशील, पलीकडं थांबा म्हणून? बघ, कशी शहाण्यासारखी बोललीस! उतरवलीस पिशवी, बरं केलंस. अगं, डोळे कशाला पुसतेस, वेडी कुठली. एक दिवस गेला म्हणजे काय आयुष्य गेलं का? आणि तिकडं बघ, आलंच ऊन कड्यावर. अख्खा पांढरा झाला. आता आज जायचा प्रश्नच मिटला.

तर मग हे घे तुझे बूट. — हस, हस. हो, माझ्याच पायात आहेत, सकाळपासून, या घोंगडीखाली. मी एकदा तरी जागची उठले का? नाही ना? तूही बघितलं नाहीस, म्हातारीच्या पायाकडं कोण बघतं! गरम झालेत चांगले. आता वाकून नाड्या तूच सोड, माझ्याच्यानं वाकवत नाही. हां. ठेव तिथं भिंतीशी, पिशवीजवळ.

आता उठते, चहा ठेवते दोघींना. पातेलं कुठं गेलं — हं. तू बस निवांत, आज चालायचं नाही म्हणजे नाही, पाय मिठाच्या पाण्यात ठेव. रात्री बटाटे उकडू, आणि पहाटे मी स्वतः हलवून उठवीन, कूस बदललीस तर पाणी ओतीन अंगावर, सांगून ठेवते. आणि टाकीपाशी पोचलीस की हात करायचा, विसरायचं नाही. तुझी आई असेल ना घरी? तिला कर फोन, सांग, एक आजी भेटलीये, बरी आहे, जरा बडबडते. साखर किती घालू तुला? — अगं, साखर किती? — काल दोन घेतलीस, दोनच घालते. आणि तो मोजा झाला बरं का, एकच टाका राहिलाय, हा घे —

पोरी?

वर गेलीस का गं?

पिशवी… अगं, बूट… भिंतीशी काहीच नाही.

मोजा राहिला की तुझा.